बाहुलीची लोटी

आमच्या ओसरीत दोन खुंट्या होत्या. त्या इतक्या उंच ठोकलेल्या होत्या की तिथं काही टांगायचं तर बाबांनाही टाचा उचलाव्या लागत. बाबांनी त्या आधी आपल्या खांद्याच्या उंचीवर ठोकल्या होत्या, पण मायने त्याच दिवशी उपटायला लावल्या आणि आमच्या शेतगड्याकडून, मंगलूकडून, शिडी मागवून वर पार छपराच्या बल्लीखाली ठोकून घेतल्या. उपटलेल्या जागची भोकं भिंतीत तशीच राहिली, आणि मी त्यांत चिंचोके भरून ठेवत असे. माय सारवताना ते बोटाने उकरून काढून मला परत देई, रागावत नसे. खुंट्यांच्या बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकणारी नव्हती. तिथं बाबांची बंदूक असे.

बाबा मूळचे आमगावकडचे. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला दरेकशाची रानालगतची जमीन आली आणि ते बायको-पोरांना घेऊन तिथं गेले. घर शेतातच बांधलं. गाव अर्ध्या कोसावर. दुसऱ्या अंगाला, त्याहून जवळ, गोंडांचा टोला होता, दहा-बारा घरांचा. मधे धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली खाचरं, मोहाची झाडं आणि बाकी सगळं रान. दिवसातून दोन-तीनदा आगगाडीची शिटी ऐकू येई, आणि ती डोंगरात शिरून पुन्हा एकदा परत येई. धाकटा नामू त्या दुसऱ्या शिटीला हात हलवायचा, दुसरी गाडी आहे असं समजून. एरवी मायच्या मुसळाचा आवाज, वानरांची खोकल्यासारखी ओरड आणि कोंबड्या. माय तीस माणसांच्या घरातून आलेली. तिला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती कोंबड्यांशी बोलायची. "काऊन व बाई, आज अंडं नाई वाटते?" असं तिचं स्वयंपाकघराच्या दारातून चाललेलं असे. मी ओसरीत बसून ऐकत असे आणि मलाच विचारलं असावं असं धरून मनातल्या मनात उत्तर देत असे. सकाळी बासी भात आणि अळशीची चटणी, दुपारी लाखोळीचं वरण, पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. खायला कमी नव्हतं. कमी होती ती माणसं.

बंदूक घ्यावी लागली ती रानडुकरांपायी. धानाच्या लोंब्या भरल्या की डुकरांचे कळप उतरत आणि एका रात्रीत बांधी नांगरल्यासारखी करून टाकत. बाबांनी अर्ज केले, गोंदियाला खेपा घातल्या आणि शेवटी परवाना मिळवला. बंदूक ठासणीची होती. आजच्या पोरांना ठासणीची म्हणजे काय ते सांगावं लागतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने सगळं ठासून बसवायचं. मागे घोड्याखाली एक पोकळ टोक असतं, त्याच्यावर तांब्याची बारीक टोपी चढवली की झाली बंदूक तयार. घोडा टोपीवर आपटला की टोपी फुटते, आग आत जाते आणि बार उडतो. यातली गोम अशी की एकदा ठासलेली बंदूक उडवल्याशिवाय सहजी रिकामी होत नाही. मचाणीवर रात्र काढून डुक्कर आलंच नाही तर बाबा सकाळी भरलेली बंदूक घेऊनच घरी येत. उगाच बार काढायचा म्हणजे दारू वाया, आणि दारू मिळायची परवान्यावर, मोजून. म्हणून त्या रानातल्या सगळ्याच बंदूकवाल्या घरांत एक रीत होती. टोपी काढून घ्यायची आणि भरलेली बंदूक तशीच टांगून ठेवायची. टोपी नाही तर ती नुसती काठी, असं बाबा म्हणत.

मायचा त्या काठीवर विश्वास नव्हता. बाबा सकाळी आले की ती उंबऱ्यात आडवी उभी राहायची आणि उजवा तळहात पुढे करायची. "टोपी," एवढंच म्हणायची. बाबा टोपी काढून तिच्या तळहातावर ठेवत, मगच ती बाजूला होई. टोप्यांची पत्र्याची डबी तिच्या कमरेला बांधलेल्या कापडी पिशवीत असे. पाणी भरताना, सारवताना, रात्री झोपतानासुद्धा. दारूचं शिंग स्वयंपाकघरात, धान्याच्या ढोलीमागे उंच शिंक्यावर. बंदूक ओसरीत, नळीचं तोंड शेताकडे. आणि भरलेली असली तर नळीला लाल चिंधी. चिंधी दिसली की आम्ही पोरांनी ओसरीच्या त्या अर्ध्या भागात पाऊल टाकायचं नाही. एकदा बाबांनी थट्टा केली. मायने हात पुढे केला तर म्हणाले, "टोपी तं मचानीवरच राह्यली वाटते." माय म्हणाली, "मंग तुमीबी मचानीवरच राहा." आणि बाबा ती टोपी खिशातून काढून देईपर्यंत दवात ओले उभे राहिले. आम्ही दोघं पोरं आतून हसून हसून लोळत होतो, आणि मायही तोंडाला पदर लावून हसत होती हे मला आठवतं.

एवढी सगळी राखण करणारी माय बंदुकीला मात्र हात लावत नसे. बाईचा हात लागला की बंदुकीचा नेम जातो, अशी त्या भागात पक्की समजूत होती. गावात तीच, टोल्यावर तीच. बाबा काही फार देवधर्म करणारे नव्हते, पण हे ते मानत, आणि मायही मानत असे. टोपी घ्यायची ती तळहात पसरून, बंदुकीपासून हातभर लांब उभं राहून. चिंधीही बाबाच बांधत. पुढे जे झालं ते सारं या एका गोष्टीवरून झालं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही.

आता माझी गोष्ट. मला एक बाहुली होती, चिंध्यांची, मायने केलेली. तिचा संसार मी अंगणातल्या मोहाखाली मांडत असे. मातीची चूल, पानांच्या पत्रावळी, करवंटीचा रांजण. भांडी म्हणून बाबा मला उडालेल्या टोप्या आणून देत, पण त्या फुटून फाकलेल्या असत, काठ उकललेले. माझ्या बाहुलीच्या घरात एक भांडं धड नव्हतं. या संसारात माझी एकच भागीदार होती, सुकवारो. ती मंगलूची मुलगी. मंगलू टोल्यावरचा, आमच्या शेतात राबायचा आणि बाबांच्या बरोबरीने मचाणीवर बसायचा. सुकवारो माझ्याच वयाची, आठ-नऊ वर्षांची, हडकुळी आणि हट्टी. ती रोज सकाळी बांधावरून चालत यायची, हातात कधी चारं, म्हणजे चारोळीची फळं, कधी तेंदू, कधी नुसतीच पानं. ती आली की माझा दिवस सुरू व्हायचा. पावसाच्या झडीत ती आठ-आठ दिवस येऊ शकत नसे, तेव्हा मी दारात बसून बांधाकडे पाहत असे, आणि माय म्हणे, "पाहून पाहून डोरे फुटतीन तुये."

तर एकदा बाबा नवीन आणलेल्या टोप्या कागदातून डबीत ओतत होते. एक उडाली आणि जात्याखाली गेली. बाबांना कळलं नाही, मायला कळलं नाही. मी पाहिलं. मी गप्प बसले, आणि सगळे उठून गेल्यावर जात्याखाली हात घालून ती काढली. नवी कोरी, काठ गोल, लालसर चकाकणारी. माझ्या करंगळीच्या नखाएवढी लोटी. सुकवारोला दाखवली तेव्हा तिने ती तळहातावर घेऊन उन्हात फिरवली. आत तळाशी राखट रंगाचं काहीतरी चिकटलेलं होतं. "दही लागलं हाये," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या बाहुलीकडे दही असायचं. पाणी घालायचं नाही, दही पातळ होईल, असा नियम तिनेच केला. लोटी मी चुलीमागच्या खळग्यात पुरून ठेवत असे. ती टोपी आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला माहीत होतं. पण घरात बंदूक खुंटीवर आणि लोटी मोहाखाली. दोन्ही एकत्र येतील असं माझ्या मनातही आलं नाही.

ते दिवस कार्तिकातले. धान पिकून वाकलं होतं, कापणी चार-सहा दिवसांवर आली होती. बाबांना हिवतापाने धरलं होतं, तरी ते मचाणीवर जात, कारण एवढ्यात डुकरं शिरली असती तर वर्षाची मेहनत मातीत गेली असती. त्या सकाळी ते आले ते भिंत धरतच. दात वाजत होते. माय उंबऱ्यात उभी राहिली, तळहात पुढे केला. बाबांनी थरथरत्या बोटांनी टोपी काढून दिली. चिंधी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग त्यांनी बंदूक खुंट्यांवर चढवायला वर उचलली, आणि हात खाली आले. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. शेवटी त्यांनी ती ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली आणि आत जाऊन खाटेवर पडले.

"तटी नोका ठेवू, पोरं हायेत," माय म्हणाली.

"टोपी तुयापासी हाये ना," बाबा गोधडीतून म्हणाले. "मंग काठी हाये थे."

माय बंदुकीकडे पाहत उभी राहिली. तिच्या जागी मी असते तर, असं मी हजारदा मनात आणलं आहे. ओसरीत दुसरी खाट होती. खाटेवर उभं राहून माय खुंट्यांच्या वरपर्यंत भिंत सारवायची. बंदूक वर ठेवायला तिला दोन पळं लागली नसती. पण तिने हात पुढे केला नाही. कापणीच्या तोंडावर, डुकरं रोज येत असताना, नवऱ्याचा नेम कोण बिघडवणार? तिने मला हाक मारली. "मी मंगलूभाऊले बलावून आनते, थो वर ठेवून देइन. तू बाबांजवळ राहा. अंगनात जाऊ नोको. नाम्यावर ध्यान ठेव." आणि ती बांधावरून भरभर टोल्याकडे गेली. ती गेली ती केवळ ती बंदूक जागेवर जावी म्हणून गेली.

अंगणात जायचं नाही म्हटल्यावर आम्ही बाहुलीचा संसार ओसरीत आणला. सुकवारो तेवढ्यात आली होती. मी स्वतः जाऊन खळग्यातून लोटी काढली, स्वतःच्या हाताने ओसरीत मांडली. कोपऱ्यातल्या लाल चिंधीपासून चांगलं लांब, दुसऱ्या टोकाला, कारण नियम मला पाठ होता. नामू सहा वर्षांचा, तो पाहुणा. पाहुण्याला दही वाढलं. आत बाबा कण्हत होते, "पानी," म्हणाले. मी उठले, तांब्या भरला, त्यांचं डोकं उचलून पाजलं. त्यांच्या अंगावर दुसरी गोधडी टाकत होते, तेव्हा बार उडाला.

घरात बार उडतो तेव्हा आवाज ऐकू येत नाही. कान बंद होतात आणि अंग हलतं. मी ओसरीत आले तर सगळीकडे धूर होता, गंधकाचा वास, आणि छपरातून माती गळत होती. नामू कोपऱ्यात बसला होता. बंदूक त्याच्या मांडीवर आडवी. घोडा दोन्ही हातांनी ओढला आणि तो बोटांतून सुटला, असं त्याने पुढे सांगितलं. बाबा टोपी बसवताना त्याने कितीदा पाहिलेलं होतं, आणि बंदूक हाताशी आलेली त्याच्या आयुष्यात ती पहिलीच वेळ. सुकवारो पायरीवर बसलेली होती. तिने डावा हात कानावर धरला होता आणि बोटांमधून रक्त मनगटावर उतरत होतं. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. नामूकडे नाही, बंदुकीकडे नाही, माझ्याकडे. ती नजर मी पन्नास वर्षं डोक्यात घेऊन फिरले.

माय आणि मंगलू बांधावर अर्ध्या वाटेत होते. मंगलू धावत आला, मुलीला उचललं, कान पाहिला. कानाची पाळी एका छऱ्याने नेली होती. दुसरं कुठं काही लागलं नव्हतं. बाकीचे छर्रे तिच्या डोक्यावरून छपरात गेले होते. बाबा खाटेवरून उठून आले होते, त्यांचा ताप कुठं गेला होता कोण जाणे. ते सारखं "मंगलू, मंगलू" एवढंच म्हणत होते. मंगलू म्हणाला, "जीव हाये ना मालक, बस झालं." आणि तो तिला कडेवर घेऊन बांधावरून निघून गेला. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तोंड आमच्या घराकडे.

मग मायने उंबऱ्यात बसून डबी उघडली. टोप्या पदरावर ओतल्या आणि मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकही कमी नव्हती, सकाळची धरून. तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं. "सगळ्या हायेत," ती म्हणाली. "तुमच्या खिशात एखादी राह्यली असन."

"मायापासी एकच होती. थे तुले देल्ली. तुया डबीतलीच कधी पडली असन," बाबा म्हणाले.

दोघांनी मिळून नामूला विचारलं. तो रडत रडत म्हणाला, "खाली सापडली." ते खरंच होतं, बाहुलीच्या पत्रावळीजवळ ती खालीच होती. माय रात्रीपर्यंत ओसरी झाडत होती, आणखी एखादी सापडते का म्हणून. मी चुलीपाशी बसले होते. शब्द अगदी जिभेवर आला होता. लोटी माझी होती. तीन शब्द. माय आत आली, माझ्या पुढ्यात भात वाढला आणि म्हणाली, "खाऊन घे व माय, तू घाबरली असशीन." मी भात खाल्ला.

त्यानंतर त्या दोघांत भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. माय समजत होती की बाबा एक टोपी खिशात विसरले आणि तिच्याशी खोटं बोलले, आणि बाबा समजत होते की तिची डबी कधीतरी उघडी राहिली आणि ती कबूल करत नाही. दोघंही एकमेकांना वाढत होते, दुखलं-खुपलं पाहत होते, पण थट्टा संपली. उंबऱ्यातला तो हसण्याचा खेळ पुन्हा झाला नाही. बाकी मायने घरातली रीत मात्र बदलून टाकली. बाबा बरे होऊन पुन्हा मचाणीवर गेले त्या पहिल्याच सकाळी ती घराबाहेर, बांधावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी बार काढा." बाबांनी मातीच्या बांधात बार काढला. मग तिने दोन्ही हात पुढे केले, आणि बाबा पाहतच राहिले, तेव्हा तिने त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली. स्वतः घरात आणली, नळीत गज घालून रिकामी आहे की नाही ते पाहिलं, खाटेवर चढली आणि खुंट्यांवर ठेवली. वरून साखळी आणि कुलूप. गावातल्या बायका म्हणाल्या, आता हिच्या नवऱ्याचा नेम गेला. माय म्हणाली, "जाऊ द्या. पोरं तं राहतीन." दारू किती वाया गेली असेल ती गेली. त्या घरात भरलेली बंदूक पुन्हा कधी आली नाही.

माझ्या नातीच्या सासरी परवान्याची बंदूक आहे. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा पानं वाढली होती, आणि मी विचारलं, बंदूक कुठे असते? नातजावयाची आई ओशाळली. मी म्हटलं, दाखवल्याशिवाय जेवणार नाही. बिचाऱ्या नातजावयाने लोखंडी कपाट उघडून, बंदूक मोडून, रिकामी नळी माझ्या डोळ्यांना लावून दाखवली, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत निराळ्या कुलपात आहेत तीही दाखवली. मग मी पणतवाच्या खेळण्यांची टोपली पालथी करायला लावली. म्हातारी भ्रमिष्ट झाली आहे असं सगळ्यांना वाटलं असणार. वाटू दे. कुलपं सगळेच पाहतात, खेळण्यांची टोपली कोणी पाहत नाही.

सुकवारो पुन्हा आली नाही. पहिले काही दिवस मी दारात बसून बांधाकडे पाहत असे. तिच्या घरच्यांनी तिला आमच्याकडे यायला बंदी केली असणार, असं मी धरून चालले, आणि केली तर त्यांचं काय चुकलं? टोला लांब नव्हता. मी गेले असते तर भाकर तव्यावरून उतरायच्या आत पोचले असते. पण तिच्या त्या नजरेसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. मग मी मोहाखाली एकटीच खेळायला लागले. मीच यजमान, मीच पाहुणी. तिच्या जागेवर एक पत्रावळ मांडून ठेवत असे आणि तिच्या वाटणीचं बोलणंही मीच बोलत असे. नंतर तेही सोडलं आणि बाहुली माय पाहत नसताना चुलीत घातली. मंगलू कामाला येतच राहिला. एकदा धान मळताना तो आपणहून म्हणाला, "पोरगी बरी हाये मायी." आणि माझ्याकडे पाहत थांबला. मी सूप उचललं आणि आत गेले.

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं, केशोरीकडे. सासर भरलेलं होतं, दीर, जावा, पोरं, सगळं. माणसांची कमी नव्हती, आणि तरी मला कुणाशी पुरतं बोलता आलं नाही. समोरचं माणूस जवळ येऊ लागलं की मी सूप उचलून आत जायची, ही सवय तिथूनच लागलेली. बाबा गेले. नंतर माय शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, आणि ती डोळे मिटूनच म्हणाली, "थी टोपी मायाच डबीतली असन का व? मी तं लई जपत होती." मी म्हटलं, "नाई व माय, तुयी नाई." "मंग कोनाची?" तिने विचारलं. मी म्हटलं, झोप आता. ती झोपली. चार दिवसांनी गेली. मला याची जी लाज वाटते ती इथं लिहूनही कमी होत नाही.

तेरावं आम्ही दरेकशालाच केलं, नामूच्या घरी, म्हणजे त्याच घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता बांधावरून निघाले. गुडघे दुखत होते तरी वाट छोटीच होती. सुकवारो नवरा गेल्यापासून बापाच्या घरी परत आलेली, हे मला नामूकडून कळलं होतं. ती ओट्यावर बसून मोहफुलं निवडत होती. हडकुळी तशीच. मला पाहून तिने नुसतं टोपलं बाजूला सारलं आणि जागा केली. मी बसले, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. जात्याखालची टोपी, दही, मीच ओसरीत आणली ते, मायला मरेपर्यंत सांगितलं नाही ते. रडत रडत सांगितलं. ती मोहफुलं निवडत राहिली. माझं झालं तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"इकडं ये व," ती म्हणाली. "त्या कानानं मले आयकू येत नाई."

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. मला हेही माहीत नव्हतं. पाळी गेलेली मी पाहिली होती, कान गेला हे पन्नास वर्षांत मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी उठून उजवीकडे बसले. आता तेवढं सगळं पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. मी म्हटलं, "लोटी मायी होती."

"तं?" ती म्हणाली. "मले का मालूम नाई? नाम्यानं घेतली थे मी पायलं ना. मीच म्हटलं, दही सांडू नोको."

"मंग सांगितलं काऊन नाई कोनाले?"

"कायले सांगू? तुले मार बसला असता." ती जराशी हसली. "मी तं तुयी वाट पाहून राहिली होती. बाबा म्हने, आपून जाऊ नोका, त्याइले लाज वाटन. थ्या घरची पोरगी येइन बलवाले, तवा जाजो. मंग मी अटीच, या ओट्यावर, बसत होती, रोज. तू आलीच नाई."

तिने माझ्या पदरात ओंजळभर मोहफुलं टाकली, निवडायला, आणि मी निवडायला लागले. थोड्या वेळाने डोळे पुसून मान वर केली. समोर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे आमचं घर. तिच्या ओट्यावरून आमचं सगळं अंगण दिसत होतं, मोहाच्या बुंध्यापर्यंत, जिथं मी दोन पत्रावळी मांडून एकटी बसायची.